बोगद्याला तोंड असतं

मराठीत जमिनीखालच्या वाटेला दोन शब्द आहेत, भुयार आणि बोगदा. भुयार गोष्टीतलं असतं. आपल्याकडे असं गाव सापडायचं नाही, जिथे वाड्यातून किल्ल्यापर्यंत नाहीतर देवळातून नदीपर्यंत भुयार गेल्याचं कुणी सांगत नाही. सांगणाऱ्याच्या आजोबांनी ते स्वतः पाहिलेलं असतं, त्यातून घोडेस्वार आरामात जाऊ शकत असतो, आणि आपण जन्माला यायच्या थोडं आधी ते नेमकं बुजवलेलं असतं. बोगदा मात्र खरा असतो. तो खंडाळ्याला येतो, कोकण रेल्वेत तर एकामागून एक येतो. तो आला की डब्यातली मुलं ओरडतात आणि मोबाइलची रेंज जाते. भुयाराला दंतकथा असते, बोगद्याला टेंडर असतं.

गेली काही वर्षं या दोन शब्दांची सरमिसळ चालू आहे. शहरातला रस्ता जमिनीखालून न्यायचा म्हटलं की त्या बोगद्याला थोडं भुयार करायची, म्हणजे त्यात इतिहास भरायची हौस आपल्याला येते. मग भिंतीवर चित्रं येतात, तोंडाशी सिमेंटचे बुरूज येतात, निदान खोदणाऱ्या यंत्राला तरी ऐतिहासिक नाव दिलं जातं. ‘स्थानिक वारशापासून प्रेरित रचना’ हे शब्द वाचले की मला आता शहरांच्या वेशीवरच्या स्वागत कमानी आठवतात. दुरून दगड वाटतो, जवळ जाऊन टिचकी मारली तर पोकळ फायबर.

तरीही ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इमारत पाडून दुसरी बांधता येते, पूलही बदलता येतो. बोगदा एकदा खोदला की शहराच्या पोटात कायमचा राहतो. तो कुठल्या शहराचा आहे हे त्याच्याकडे पाहून कळावं, ही अपेक्षा रास्त आहे. माझं भांडण आहे ते वारसा शोधायच्या जागेशी. आपण तो भिंतीवर शोधतो, आणि मोटारीच्या बोगद्यात सगळ्यात कमी पाहिली जाणारी गोष्ट म्हणजे भिंत.

याचं ठळक उदाहरण दिल्लीत आहे. प्रगती मैदानाखालचा बोगदा १९ जून २०२२ रोजी खुला झाला. लांबी साधारण १.३ किलोमीटर. रिंग रोडवरून येणारी गाडी त्यातून पुराना किला रोडला लागते आणि इंडिया गेटकडे जाते. आतल्या भिंती रंगीत चित्रांनी भरल्या आहेत, विषय भारतीय निसर्ग आणि संस्कृती. कामात हयगय नाही. फोटोत ती चित्रं सुरेख दिसतात आणि तिथे काढलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील.

मी त्या बोगद्यातून टॅक्सीने गेले, खास भिंती बघायच्या म्हणून खिडकीला नाक लावून. आठवतं ते इतकंच, की निळं काहीतरी गेलं, मग केशरी काहीतरी गेलं, बहुधा एक पक्षी होता. टॅक्सीवाल्याला विचारलं, तर तो रोज चार-पाच वेळा तिथून जात होता आणि त्याला एकही चित्र सांगता आलं नाही. यात त्याची चूक काय? तो रस्त्याकडे बघत होता, आणि त्याने तसंच करावं अशी माझीही इच्छा होती. साधा हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दहा मीटर रुंदीचं चित्र अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळ डोळ्यांसमोर राहतं, तेही तिरकं. इन्स्टाग्रामवर आपण रील ढकलतो तोसुद्धा याहून हळू.

उद्घाटनाच्या भाषणात पंतप्रधानांनीच एक सूचना केली होती. रविवारी काही तास हा बोगदा वाहनांना बंद ठेवून शाळेच्या मुलांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी खुला ठेवता येईल का, याचा विचार व्हावा, म्हणजे लोकांना ही कला बघता येईल. ते स्वतः काही अंतर चालून चित्रं बघून आले होते, तेव्हा सूचना मनापासूनचीच असणार. पण तिचा अर्थ काय होतो? ही चित्रं दिसण्यासाठी बोगद्याने बोगदा असणं थांबवायला हवं. कलादालन बांधून त्यातून मोटारी सोडायच्या आणि मग कला दिसावी म्हणून मोटारी थांबवायच्या, असा हा उलटा प्रवास आहे.

पुढचं जास्त बोचणारं आहे. २०२३च्या पावसाळ्यात पाणी साचल्यामुळे हा बोगदा वाहतुकीला बंद ठेवावा लागला. २०२४च्या सुरुवातीला दिल्लीच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने गळती आणि तड्यांवरून ठेकेदार कंपनीला नोटीस पाठवली. कंपनीने उलट आपलाच दावा मांडला. दोष कुणाचा ते ठरवणं माझं काम नाही. मला खटकतं ते भूगोलामुळे. या बोगद्याच्या शेजारीच पुराना किला आहे, सोळाव्या शतकातला, आणि त्या किल्ल्याच्या आत एक बावडी आहे. जमिनीखाली उतरायचं, पाण्याला जागा करून द्यायची, पायऱ्यांनी माणसाला त्याच्यापर्यंत न्यायचं, हे त्या परिसराला काही शतकांपूर्वी जमलं होतं. दिल्लीचा जमिनीखालचा वारसा म्हणावा तर तो हाच. तो भिंतीवर रंगवून उतरत नाही. पाण्याचं काय करायचं हे ठरवताना तो हाताशी घ्यावा लागतो.

मग बोगद्यात डोळ्यांना खरोखर काय जाणवतं? दुपारी बाराच्या उन्हात तुम्ही बोगद्याकडे येता तेव्हा तोंड काळंकुट्ट दिसतं. डोळा उन्हाला सरावलेला असतो, आतला उजेड त्याला उजेड वाटतच नाही. आत एखादी गाडी बंद पडून उभी असेल तर ती दिसायला उशीर होतो, आणि त्या गतीला तो उशीर जिवावर बेतू शकतो. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी दिवसा सगळ्यात जास्त दिवे लावतात, आत जाल तसे ते टप्प्याटप्प्याने कमी होतात. रात्री उलट, तोंडाशी इतक्या दिव्यांची गरज उरत नाही. प्रकाशयोजना करणारे अभियंते या पहिल्या भागाला ‘थ्रेशोल्ड झोन’ म्हणतात. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा.

हा शब्द कळला तेव्हा मला आमच्याकडची जुनी घरं दिसायला लागली. अंगणात रखरखीत ऊन. मग ओटी किंवा ओसरी, तिथे वर छप्पर पण तीन बाजू उघड्या, डोळे निवतात. मग पडवी, मग माजघर, तिथे दुपारीही सांजावल्यासारखं. कुणीही अंगणातून थेट माजघरात येत नाही, घर येऊच देत नाही. उजेड कमी करत नेण्याचं हे तंत्र कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला ठाऊक होतं, आणि त्याचं त्याने कुठे सादरीकरण केलं नाही.

याचं भव्य रूप बघायचं तर कार्ल्याला जा. एकवीरेला जाणारे बरेचजण शेजारच्या चैत्यगृहात डोकावतात आणि सेल्फी काढून निघतात. पुढच्या वेळी तिथे जरा हळू चाला. डोंगर चढून तुम्ही घामाघूम असता, समोरचा कातळ उन्हात तापलेला असतो. आधी बाहेरची दगडी भिंत लागते. ती ओलांडली की चैत्यगृहाच्या आत नसता, बाहेरही नसता. तो व्हरांडा आहे, दोन्ही बाजूंना भिंतीतून निघालेले दगडी हत्ती. इथे पाय आपोआप रेंगाळतात, कारण हत्ती बघायचे असतात, जोडप्यांची शिल्पं बघायची असतात. तेवढ्या मिनिटा-दोन मिनिटांत डोळ्यांची बाहुली मोठी होते. मग दारातून आत जाता आणि खांबांची लांबलचक रांग लख्ख दिसते. वरच्या घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या कमानीतून येणारा उजेड लाकडी जाळीतून गाळून आत येतो आणि शेवटी स्तूपावर जाऊन थांबतो. छताला लाकडाच्या फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. कातळात छताला लाकडाचा आधार लागत नाही, तरी त्या तिथे आहेत. त्या कशासाठी, यावर स्वतंत्र लेख होईल.

मला सांगायचं आहे ते हत्तींबद्दल. कार्ल्याचे हत्ती सजावट आहेतच, पण ते नेमके त्या जागी आहेत जिथे माणसाने थोडं थांबणं गरजेचं होतं. सजावट आणि गरज एकाच ठिकाणी आली आहे. बोगद्याच्या वास्तुरचनेत वारसा आणायचा तर तो इथे आणता येतो: तोंडाच्या आधीच्या शे-दोनशे मीटरमध्ये, उन्हाला गाळणाऱ्या जाळीच्या छतात, खांबांच्या अंतरात, पुढे सरकत जाणाऱ्या सावलीत. हे ताशी ६०च्या गतीलाही जाणवतं, कारण ते बघायला मान वळवावी लागत नाही, ते सगळ्या डोळ्यांवर एकदम पडतं. त्याने वाहन चालवणाऱ्याचं लक्षही उडत नाही, उलट त्याला मदत होते. जगात बऱ्याच बोगद्यांच्या तोंडाशी अशी जाळीदार छतं आहेत. त्यात आपलं काय असेल, तर ती जाळी कुठून शिकली एवढंच.

कार्ल्याच्या डोंगरापासून थोड्याच अंतरावर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा कामशेतचा बोगदा आहे. उंबरठा कसा असावा याचा देशातला एक उत्तम नमुना आणि उंबरठाच नसलेलं तोंड, दोन्ही एकाच टापूत. त्या बोगद्यात शिरताना पापण्यांची जी फडफड होते ती आठवून बघा.

उजेडाइतकीच दुसरी अडचण हवेची. बोगद्याला श्वास घ्यावा लागतो. यावर सगळ्यात थाटामाटाचं उत्तर लिव्हरपूलने दिलं. मर्सी नदीखालचा क्वीन्सवे बोगदा १८ जुलै १९३४ रोजी राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते उघडला. लांबी तीन किलोमीटरहून अधिक. हर्बर्ट रोज हा त्याचा वास्तुरचनाकार. अभियंत्यांना हवा आत-बाहेर करण्यासाठी नदीच्या दोन्ही काठांवर मिळून सहा इमारती हव्या होत्या, ज्यांत मोठाले पंखे बसतील. दुसरं कुणी असतं तर सहा खोकी उभी केली असती. रोजने त्यांचे मनोरे केले. जॉर्जेस डॉकवरच्या इमारतीत काळ्या बेसाल्टच्या दोन बैठ्या मूर्ती आहेत, एक रात्र आणि एक दिवस, कारण बोगदा चोवीस तास जागा असतो. लिव्हरपूलच्या बाजूच्या तोंडावर पंख असलेले दोन बैल कोरले आहेत. वेगवान आणि अवजड वाहतुकीचं ते प्रतीक. बैलांना पंख लावून ट्रक दाखवणारा तो शिल्पकार मला फार आवडतो. १९४१च्या बॉम्बहल्ल्यांत जॉर्जेस डॉकची इमारत उद्ध्वस्त झाली, युद्धानंतर ती पुन्हा बांधली.

आता हे खरं, की रोजच्या सजावटीत इजिप्तची छाप आहे. तुतनखामेनची कबर १९२२मध्ये सापडली आणि पुढची दहा-पंधरा वर्षं युरोपभर इजिप्तची फॅशन होती. तेव्हा ‘स्थानिक वारसा’ या कसोटीवर लिव्हरपूल नापास ठरेल. तरीही मी ते दिल्लीच्या वर ठेवीन, कारण रोजने कला कुठे ठेवायची हे बरोबर ओळखलं. ती त्याने तोंडाशी ठेवली आणि श्वासाच्या जागी ठेवली. आत, जिथे गाडी चालवायची आहे, तिथे भिंतीच्या खालच्या भागाला त्याने फक्त काळ्या काचेची पट्टी दिली होती, स्टेनलेस स्टीलच्या चौकटीत. आत शांतता, बोलायचं ते बाहेर.

आणि हवेच्या बाबतीत इजिप्तपर्यंत जायची आपल्याला गरजच नाही. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणलं गेलं. त्या वाटेवर जागोजागी वर उघडणारी बांधकामं आहेत. हवा आत-बाहेर व्हावी, पाण्याचा दाब सुटावा, गाळ काढायला उतरता यावं म्हणून. त्यातली काही अजून दिसतात. त्यांचं नाव काय ठेवलं होतं? उच्छ्वास. अभियांत्रिकीच्या वस्तूला इतकं नेमकं नाव मला दुसरं माहीत नाही. ‘व्हेंटिलेशन शाफ्ट’चा मराठी प्रतिशब्द काय, असं कुणी विचारलं तर समिती नेमायची गरज नाही, पुणेकरांनी तो पावणेतीनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे. पण तोच पुणेकर आज सातारा रस्त्याने जाताना त्याच्याकडे बंद पडलेलं काहीतरी म्हणून बघतो.

इथून मुंबईकडे येते, कारण प्रश्न आता तिथे पेटलेला आहे. किनारी रस्त्याचे जुळे बोगदे प्रियदर्शिनी पार्कपासून गिरगाव चौपाटीकडे जातात, प्रत्येकी दोन किलोमीटरहून थोडे लांब. मलबार हिलच्या पोटातून. मार्च २०२४मध्ये एक सुरू झाला, जूनमध्ये दुसरा. खोदणाऱ्या यंत्राचा व्यास १२.१९ मीटर होता, म्हणजे चार मजली इमारत आडवी पाडून पुढे ढकलावी तसं. यंत्र चीनमध्ये तयार झालेलं, नाव ‘मावळा’. नावाला माझी हरकत नाही. मावळ्यांना सह्याद्रीचा काळा पाषाण ओळखीचा होता आणि या यंत्राने तोच पाषाण फोडला. पण वारशाचा सगळा कोटा त्या नावातच संपला. यंत्र काम संपवून निघून गेलं आणि त्याच्याबरोबर नावही.

मागे राहिलेला बोगदा अभियांत्रिकी म्हणून उत्तम आहे. हवेसाठी त्यात सकार्डो पद्धत वापरली आहे, भारतातल्या रस्त्याच्या बोगद्यात पहिल्यांदाच. इटलीच्या मार्को सकार्डो यांच्या नावाची ही जुनी युक्ती: तोंडाजवळून हवेचा झोत तिरका आणि जोरात आत सोडायचा, तो आतली हवा पुढे रेटत नेतो. आग लागली तर धूर एका दिशेला ढकलता येतो. म्हणजे मुंबईच्या बोगद्यालाही उच्छ्वास आहे. तो गिरगावच्या लोकांना कुठे दिसतो? दिसत नाही. दिसायलाच हवा असं नाही, पण दिसला असता तर त्याला लिव्हरपूलसारखं काहीतरी रूप द्यावं लागलं असतं.

आणि हा डोंगर साधासुधा नाही. वर वाळकेश्वर आहे, बाणगंगा आहे. रामाला तहान लागली, त्याने बाण मारला आणि कातळातून गोडं पाणी आलं, ही तिथली कथा. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तलावात गोडं पाणी, म्हणून ती कथा टिकली. त्याच टेकडीवर हँगिंग गार्डनच्या खाली ब्रिटिश काळातला पाण्याचा प्रचंड जलाशय आहे, ज्याच्यावर आपण आइसक्रीम खात फिरतो. म्हणजे मलबार हिलला भोक पाडून आत पाणी सापडणं किंवा ठेवणं, हाच त्या डोंगराचा जुना इतिहास. मे २०२४मध्ये नव्या बोगद्याच्या सांध्यांतून पाणी झिरपल्याचे व्हिडिओ फिरले आणि धावपळ करून दुरुस्ती झाली, तेव्हा सगळे दचकले. मला त्यात डोंगराची जुनी सवय दिसली. मुळात धोका काही नव्हता, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि ते पटण्यासारखं होतं. कातळाखालच्या प्रत्येक बोगद्यात थोडं पाणी येतंच. प्रश्न एवढाच, की ते येणार हे धरून त्याला वाट द्यायची, की ते येणारच नाही असं दाखवायचं.

या बोगद्याबद्दल माझी मोठी तक्रार मात्र पाण्याची नाही. तो बघायला कुणाला मिळतो, ही आहे. किनारी रस्त्यावर दुचाकींना बंदी आहे. हा लेख फोनवर वाचणाऱ्यांतले निम्मे तरी स्कूटरवर फिरत असतील. त्यांच्यासाठी हा बोगदा भुयारासारखाच ऐकीव आहे. सुरक्षेची कारणं असतील, मी ती मोडीत काढत नाही. पण मग त्या भिंतींवर उद्या मावळे, कोळी आणि गिरणी कामगार रंगवायचे ठरलं, तर ती चित्रं नेमकी कुणासाठी? ज्यांच्या आजोबांची चित्रं, त्यांना आत प्रवेश नाही. मी तिथून गेले ते बेस्टच्या बसने, उंच खिडकीतून, आणि बसमधले अर्धे लोक फोनमध्ये होते.

शहराचा वारसा आणि बोगदा एकत्र कसे नांदतात याचं मला आवडणारं उदाहरण मेक्सिकोत आहे, ग्वानाहुआतो नावाच्या चांदीच्या खाणींच्या गावात. गाव अरुंद दरीत, मधून नदी. ती पुराने गाव बुडवायची; १९०५चा पूर फार मोठा होता. नदीचं पाणी बोगद्यांनी दुसरीकडे वळवलं गेलं आणि पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर रिकाम्या नदीपात्राचा रस्ता झाला. वर जुनी घरं, जुने पूल, दगडी कमानी; खाली त्यांच्या पायांमधून जाणारी वाहतूक. या बोगद्यांत वारशाची चित्रं नाहीत. दगड कसा फोडायचा आणि कमान कशी तोलायची हे खाणकामगारांच्या गावाला येत होतं, तेच भिंतीत दिसतं. आणि तिथे पदपथ आहेत, बसथांबे आहेत. भाजी घेऊन माणसं जिन्याने खाली उतरतात, बस पकडतात. युनेस्कोने १९८८मध्ये या गावाला जागतिक वारशात घेतलं. त्याचं अनुकरण करा असं मी म्हणत नाही, गाड्या तिथे हळू चालतात आणि धूरही असतो. पण त्या बोगद्याकडे बघून गाव ओळखता येतं.

कुणी म्हणेल, मग आपणही किल्ले घ्या की, आपल्याकडे तटबंदीची काय कमी? यावर मात्र मी अडते. महादरवाजा बांधला होता माणसाला अडवण्यासाठी. रायगडासारख्या गडांवर दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा लपवलेला असतो की समोर जाऊन उभं राहीपर्यंत तो दिसत नाही, हत्तीला धडक द्यायला लांब पल्ला मिळत नाही. तसा दरवाजा बोगद्याच्या तोंडावर चिकटवणं म्हणजे दूरून दिसायलाच हवी अशी जागा लपवण्याच्या खुणेने सजवणं. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी तर आपल्याकडची सगळ्यात थरारक जुनी बोगद्याची वाट. कातळात कोरलेली, वळणावळणांची, शत्रूची दिशा चुकावी म्हणूनच काळोखी ठेवलेली. वरून धूर सोडून कोंडायची सोय होती असं तिथले वाटाडे सांगतात. वारसा म्हणून ती अस्सल आहे. रस्त्याच्या बोगद्यासाठी ती नेमकी काय करू नये याची यादी आहे. वारसा घेताना त्याचं काम काय होतं ते आधी विचारावं लागतं, रूप नंतर.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण, येत्या काही वर्षांत मुंबईच्या पोटात आणखी लांब बोगदे तयार होणार आहेत. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा एक, जुन्या मुंबईच्या खालून. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा दुसरा. आणि मागाठाण्यापासून ठाण्याच्या टिकुजिनी वाडीपर्यंत जाणारा ठाणे-बोरिवलीचा जुळा बोगदा, जवळजवळ पूर्ण राष्ट्रीय उद्यानाखालून. खोदाईचं गणित ठरलं असेल, पण तोंडं आणि उच्छ्वास अजून बांधून व्हायचे आहेत. आत काय रंगवायचं यावर चर्चा होईलच, आणि मला भीती आहे ती त्याचीच. आदिवासी पाड्यांच्या नावाने वारली चित्रांची पट्टी लांबच लांब छापली जाईल, आणि ते पाडे बोगद्याच्या वर जिथे होते तिथेच, तसेच राहतील.

त्या उद्यानात कान्हेरी आहे. शंभराहून जास्त लेणी, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासपासून पुढे अनेक शतकं कोरत नेलेली. लोक बुद्धमूर्ती बघतात आणि परततात. कान्हेरीचं खरं वैभव पावसाळ्यात कळतं. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथल्या भिक्खूंना तो सगळा डोक्यावर घेत कातळाच्या पोटात राहायचं होतं. त्यांनी लेण्यांच्या कपाळावर पन्हळी कोरल्या, कातळाच्या उतारावर चर काढले, पाणी दारावरून वळवून बाजूला नेलं आणि पोढ्यांमध्ये साठवलं. पोढी म्हणजे लेण्याशेजारचं कोरीव टाकं. अनेक पोढ्यांत आजही पाणी आहे. जोराची सर येऊन गेली की दहा-पंधरा मिनिटं सगळा डोंगर वाहता असतो, आणि लेण्याच्या दारातल्या पायरीवर मात्र तुम्ही कोरडे बसून ते बघू शकता. पाणी नाकारलेलं नाही, त्याला रस्ता दाखवला आहे, आणि तो रस्ता बघायलाही सुंदर आहे.

हाच डोंगर आता दोन मोठ्या यंत्रकामांच्या वर आहे. बोगद्याच्या तोंडावर पडणारं पाणी कुठेतरी जाणारच: एकतर पत्र्याच्या पाइपातून गटारात, नाहीतर कातळावरून, दिसेल अशा पन्हळीतून, एखाद्या टाक्यात, जिथून झाडांना जाईल. दुसरा पर्याय भिंतीवरच्या चित्रांहून महाग पडेल का, हा हिशेब कुणा अभियंत्याने मांडून दाखवावा, मला उत्सुकता आहे. मागाठाण्याच्या बाजूचं तोंड बांधून झालं की पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन तिथे जाणार आहे. आत नाही. बाहेर उभी राहून, वरून येणारं पाणी कुठे वळतं ते बघायला.